एकशे चाळीस हिरव्या खुणा

"सगळं हिरवं आहे, तरी सही का करत नाही तुम्ही, सर?"

सौमित्र कुलथे ओरडलाच. शिकलगार सरांपुढे आजवर कुणी आवाज चढवला नव्हता. मिरजेतल्या निम्म्या पोरांना संगणक त्यांनीच शिकवला. सौमित्रलाही.

काम जोखमीचं होतं. घरातली मारहाण सोसून बाहेर पडलेल्या बायकांना एक संस्था आसरा द्यायची. त्या कुठे राहतात ते पत्ते आमची कंपनी क्लाउडवरच्या एका खात्यात कुलूपबंद ठेवायची. गेल्याच महिन्यात एकीचा नवरा कोयता घेऊन संस्थेच्या दारात उभा राहिला होता. सगळं सुरक्षित आहे ना, हे तपासायला संस्थेने सरांना बोलावलं होतं. आज त्यांची सही झाली, की आणखी तीन गावांतल्या बायकांचे पत्ते त्याच खात्यात पडणार होते.

ते पत्ते उघडणाऱ्या डिजिटल किल्ल्या कुणाकुणाच्या हातात आहेत, हे तपासायला सौमित्रने एकशे चाळीस टेस्ट, म्हणजे तपासणीचे छोटे प्रोग्रॅम, लिहिल्या होत्या. रोज सकाळी त्या आपोआप चालत; ठीक असेल तर हिरवी खूण, गडबड असेल तर लाल. पठ्ठ्या त्यावर भलताच खूश होता.

"चालव बघू," सर म्हणाले.

चालवल्या. एकशे चाळीस हिरव्या खुणा.

"बघा!"

सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. खात्यात जाऊन काहीतरी बदललं.

"पुन्हा चालव."

पुन्हा एकशे चाळीस. हिरव्या.

"काय केलंत तुम्ही?"

"तुझ्या टेस्टची परवानगी काढून घेतली. आता त्यांना एकही किल्ली दिसत नाही."

…

"मग हे हिरवं कशाचं रे?" सर कडाडले. "डोळे मिटून पहारा देतोस, आणि वर सांगतोस चोर दिसला नाही म्हणून?"

सौमित्र पांढराफटक पडला.

"परवानगी नाकारली तर… तेवढं सोडून पुढे जा, खूण हिरवीच दे, असं लिहिलंय मी. सकाळी लाल दिसलं की साहेब बोलायचे."

ते साहेब म्हणजे मी. संस्थेची माणसं घाबरतात, लाल दिसता कामा नये, असं मीच त्याला चार लोकांत सुनावलं होतं. माझा मलाच संताप आला.

सर हाताने एकेक किल्ली तपासत गेले. अकरावी किल्ली वर्षापूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एकाच्या नावावर होती. अजून चालू. त्या किल्लीने सगळे पत्ते उघडता येत होते.

"ही दिसली होती तुझ्या टेस्टला?"

"नाही… ती बघायची परवानगीच नव्हती त्यांना. पहिल्यापासून."

सरांनी किल्ली तिथल्या तिथे बंद केली.

"त्याने वर्षभरात काही उघडलं असेल का?" मी विचारलं.

"ते विचारा की तुमच्या हिरव्या रंगाला!"

…

सौमित्रची घमेंड उतरली होती, राग नाही. त्याने सगळ्या टेस्ट निवडल्या. बोट पुसायच्या बटणावर नेलं.

"पुसूनच टाकतो! एकजात सगळ्या!"

सरांनी त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की तो कळवळला.

"पुसू नकोस. त्यांना नाही म्हणायला शिकव. तोवर मी तुझ्या साहेबांना ऐकायला शिकवतो."