रंगनाथने दिलेला डबा

उंबरगावात एक भोळा नवरा राहत होता. भोळे नवरे गावोगाव असतात म्हणा, पण ते निदान घरी तरी बसतात. हा रंगनाथ बायकोच्या दुकानात बसायचा. सांगाल ते ऐकायचा आणि ऐकलेलं कधी विसरायचा नाही. हीच तर पंचाईत होती.

बायको शालन मात्र भारी हुशार. एसटी स्टँडमागे तिचं नखं रंगवायचं पार्लर होतं. नखांना जेल लावायचं, दिव्याखाली हात धरायचा, की जेल कडक. त्या जेलचे नवे नियम आले होते. आत काय काय घातलंय ते बाटलीवर लिहिलेलं हवं, आणि बंदीचा माल सापडला की दुकानाला टाळं. तपासनीस साहेब गुरुवारी येणार होते. शालनने फळीवर चांगल्या कंपनीच्या बाटल्या ओळीने मांडल्या आणि टेबलाखाली, पडद्यामागे, बिननावाचा एक पत्र्याचा डबा सरकवला. तो कुठून यायचा ते तिलाच ठाऊक. गिऱ्हाइकांच्या नखांना लागायचं ते त्यातलंच.

सोमवारी शालन बाजाराला निघाली. जाताना म्हणाली, "अहो, नीट ऐका. जेल कातडीला लागलं की खाज सुटते, बोटं सुजतात. कातडीवर काही दिसलं की लगेच पुसून काढा."

रंगनाथने मनाशी गाठ मारली.

थोड्या वेळाने एक नवरी मुलगी वेळ ठरवायला डोकावली. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत मेंदी, नुकती काढलेली, ओली. रंगनाथच्या काळजात धस्स झालं. एवढी कातडी! त्याने स्पिरिटचा बोळा घेतला आणि कामाला लागला.

"अहो काका, काय करताय!" पोरगी किंचाळली.

"हलू नकोस बाळा, कोपराजवळ अजून राहिलंय."

नवरी रडत घरी गेली, आणि तिची आई भांडत दुकानात आली. शालनने कपाळावर हात मारला. "अहो अकलेचे कांदे! आधी विचारायचं तरी. हे काय आहे, कुठून आलं, यात काय काय घातलंय? सांगता आलं नाही तर दुकानात घ्यायचंच नाही!"

रंगनाथने दुसरी गाठ मारली.

बुधवारी सासूबाई आल्या. दोन एसट्या बदलून, जावयासाठी भरल्या वांग्यांचा डबा घेऊन. रंगनाथ दारात आडवा उभा राहिला.

"हे काय आहे?"

"वांगी हो, जावईबापू."

"कुठून आली?"

"परसातली."

"यात काय काय घातलंय?"

"दाणे, तीळ, खोबरं आणि आमचा काळा मसाला."

"मसाल्यात काय काय?"

सासूबाई ताठ झाल्या. "ते आमच्या घरात सुनेलासुद्धा सांगत नाहीत."

"मग दुकानात घेता येत नाही," रंगनाथ म्हणाला. वांग्यांचा वास सुटला होता, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण नियम तो नियम. सासूबाई पदराने डोळे पुसत परतीच्या एसटीत बसल्या.

शालनला कळलं तेव्हा तिने अख्खं स्टँड डोक्यावर घेतलं. "माझ्या आईला उंबऱ्यावरून परतवून लावलंत? घरच्या माणसाची कुणी उलटतपासणी घेतं का? त्याला बसवायचं, चहा पाजायचा, त्याच्यापासून काही लपवायचं नाही आणि रिकाम्या हाताने तर मुळीच पाठवायचं नाही! आणि उद्या साहेब येतील, त्यांना तरी घरच्यासारखं वागवा, म्हणजे मिळवली!"

तिसरी गाठ. ही चांगली घट्ट.

गुरुवारी साहेब आले. रंगनाथने त्यांना बसवलं. आलं घातलेला चहा पाजला. साहेबांनी फळीवरची एकेक बाटली उचलून वाचली. नाव होतं, घटक होते, तारीख होती. शालन हात जोडून उभी होती. दुकान गेलं तर घराची चूल विझणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"दुकान उत्तम आहे, बाई," साहेब म्हणाले आणि कागदावर सही करून उठले. शालनचा जीव भांड्यात पडला.

"अहो साहेब, थांबा! असं कसं?" रंगनाथ ओरडला. "रिकाम्या हाताने निघालात?"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. देण्यासारखं काही दिसेना. मग तो वाकला, पडदा सारला आणि पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी साहेबांपुढे धरला.

"हा घेऊन जा. घरच्यापासून काय लपवायचं!"

साहेबांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि परत खाली बसले. "यात काय काय घातलंय?"

"तेच तर कुणाला सांगता येत नाही, साहेब," रंगनाथ आनंदाने म्हणाला. "म्हणून तर हे फक्त गिऱ्हाइकांना. आमची शालन स्वतःच्या नखांना फळीवरचंच लावते."