मैनेचं नवं घर

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव गेनू. मनानं अगदी पेढा. सांगाल ते काम करायचा, फक्त सांगाल तस्संच करायचा. कुणी काही शिकवलं की "बसलं डोक्यात" म्हणायचा आणि पंच्याच्या टोकाला एक गाठ मारायचा. त्या पंच्यानं अंग पुसलं की ओरखडे उठायचे.

त्याचे मामा, हैबतीमामा, जन्मभर सर्कशीत होते. म्हातारपणी गावी परतले ते एका अजगराला घेऊन. मादी होती, नाव मैना. मांडीएवढी जाड, पण स्वभावानं गरीब. थंडी तोंडावर आली होती आणि मैना काही टोपलीत मावत नव्हती.

मामांना एकच मुलगी, सगुणा. गेनूच्या मनात ती लहानपणापासून. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, हे गावाला ठाऊक. मामांनाही ठाऊक, म्हणून तर त्यांना झोप लागत नव्हती.

एक दिवस ते म्हणाले, "गेन्या, मैनेला घर कर. घर मानवलं की साप कात टाकतो. ज्या दिवशी त्या घरात अख्खी कात पडेल, त्याच दिवशी तुझी आणि सगुणेची सुपारी फोडू. आधी माप घे."

गेनूनं गाठ मारली आणि माप घेतलं. तोंडापासून शेपटीपर्यंत नऊ हात, जाडी वीतभर. सुताराकडून नऊ हात लांब आणि वीतभर रुंद पेटी करून आणली. मैना सरळ आत शिरली आणि पलीकडची फळी ढकलून सरळ बाहेर आली. वळायला जागाच नव्हती, ती तरी काय करणार.

"अरे, लांबी काय मोजतोस? आधी वेटोळं करायचं, मग मोजायचं."

"बसलं डोक्यात," गेनू म्हणाला.

मामांनी पेटीचा नाद सोडला आणि परसातली शेळ्यांची खोली मोकळी करून दिली. ती सारवायला पाणी हवं, तर विहिरीचा दोर कुजलेला. मामा म्हणाले, "जुन्याएवढाच नवा आण."

गेनूनं जुन्या दोराचं वेटोळं केलं, मग मोजलं. भरलं हातभर. बाजारातून हातभर दोर आणला, बादलीला बांधला आणि बादली विहिरीत सोडली. बादलीमागं दोरही गेला. गेनू काठावर वाकून बघत राहिला.

मामा कपाळाला हात लावून म्हणाले, "दोर घेताना दोघांनी दोन टोकं धरून जोरात ओढायचं. किती लांब, किती बळकट, सगळं कळतं."

"बसलं डोक्यात."

दोराचं मामांनीच मग बघितलं. गेनूला पाठवलं कुंभाराकडे, मैनेला डुंबायला मोठं कुंडं आणायला. गेनू कुंभाराला म्हणाला, "तुम्ही तो कान धरा, मी हा धरतो. ओढा." दोघांच्या हातात एकेक कान आला. मधलं कुंडं खाली राहिलं, तेही सात तुकड्यांत.

"अरे, मातीचं भांडं कुणी ओढतं का? टिचकी मारायची. टण्ण वाजलं तर पक्कं. बद्द वाजलं तर परत द्यायचं."

"बसलं डोक्यात."

दुसऱ्या दिवशी गावचे पाटील खोली बघायला आले. भर दुपारी चालत आल्यानं उकडत होतं म्हणून त्यांनी पागोटं काढलं. डोकं चांगलं तुळतुळीत, गोल. गेनूनं टिचकी मारली, कान लावला आणि हाक दिली, "मामा, बद्द वाजतंय. परत देऊ का?"

पाटील निघून गेले. जाताना डोकं चोळत गेले.

एवढं होऊनही खोली मात्र झाली, आणि खरं सांगायचं तर फार छान झाली. सारवलेली जमीन, एका कोपऱ्यात गोणपाटात गुंडाळलेल्या गरम विटा, दुसऱ्या कोपऱ्यात गारवा, नवं कुंडं, अंग घासायला खडबडीत दगड, वर हवेला झरोका. बघणाऱ्याला तिथंच आडवं व्हावंसं वाटावं.

मामांनी पहिल्यांदाच भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. "आता शेवटचं ऐक. पोटभर जेवण झालं आणि आत जाऊन निजलं, की बाहेरून कडी. आतून कितीही धडपड होऊ दे, आठ दिवस हलवायचं नाही, काही खायला द्यायचं नाही. हलवलं तर खाल्लेलं सगळं बाहेर येतं. त्याआधी कडी काढलीस तर सगुणेचं नाव विसर."

गेनूनं या वेळी दोन गाठी मारल्या.

गृहप्रवेशाच्या दिवशी मामींनी पुरणपोळ्या केल्या. मामांनी नऊ खाल्ल्या. मामी आणि सगुणा आळीत पोळ्या वाटायला गेल्या. मैना अंगणात ऊन खात पडली होती. मामा म्हणाले, "आत ऊब बेताची आहे ना, बघून येतो." आत गेले, विटांशी टेकले, पाय पोटाशी घेतले आणि घोरायला लागले.

गेनूनं डोकावून बघितलं. पोटभर जेवण झालंय. निजलंय. त्यानं दोन्ही गाठी चाचपल्या आणि कडी घातली.

घटकाभरानं आतून दार वाजलं. "गेन्या, कडी काढ."

"नाही मामा."

"अरे, मी आहे आत. मैना नाही."

"ओळखलं मामा. आठ दिवस."

"गेन्या, मला उकडतंय रे."

"फार हलू नका मामा. नऊच्या नऊ बाहेर येतील."

मामा घामाघूम झाले. शेवटी त्यांनी अंगातली बंडी काढली, झरोक्यातून बाहेर धरली आणि हलवायला लागले. रस्त्यावरच्या कुणाला दिसली तर तो धावून येईल म्हणून. हलवता हलवता ती हातातून सुटली आणि गेनूच्या पायाशी पडली.

गेनूनं ती उचलली. उलटी केली, सुलटी केली. अख्खी होती, कुठं फाटलेली नाही. त्याचे डोळे भरून आले. तो धावत सुटला, आणि आळीतून मामी, सगुणा, पाटील, दोन-चार जाणती माणसं, सगळ्यांना घेऊन आला.

"सुपारी फोडा," तो म्हणाला. "घर मानवलं. कात पडली."

पाटलांनी बंडी निरखली. "ही तर हैबतीची."

"त्यांचीच. मैनेला महिना लागला असता. मामांनी दुपारीच टाकली."

सगुणा पदर तोंडाला लावून खालीच बसली. मामी कडीकडे धावल्या, तर गेनू आडवा उभा. पाटलांनी एकदा बंद दाराकडे बघितलं, एकदा आपल्या टकलावरून हात फिरवला.

"त्या घरात अख्खी कात पडली की सुपारी, असा हैबतीचा शब्द होता ना?"

"हो," सगुणाच पहिल्यांदा म्हणाली.

"मग आणा सुपारी."

सुपारी फुटल्याचा आवाज आत गेला. आत एकदम धडपड झाली. गेनूनं झरोक्याशी तोंड नेलं आणि हळूच म्हणाला,

"मामा, खालची कात आत्ता नका टाकू. बाहेर माणसं बसलीत."