इटालियन यंत्र आणि घरची पूड

सांगलीच्या शशिकलाबाई रेगे यांनी वयाच्या पंच्याहत्तरीत घरी एस्प्रेसो कॉफी करण्याची जुनी हौस पुरवायचे ठरवले. जमवलेल्या रकमेत एक लहान यंत्र आणि कॉफीच्या बिया दळायचा एक चांगला ग्राइंडर नेमका बसत होता. कॉफीयंत्रांच्या दुकानाचे मालक झुंजारराव मात्र दोन वर्षे न खपलेले भलेमोठे इटालियन यंत्र त्यांच्या गळ्यात मारायला टपले होते.

“आजी, सगळे पैसे यातच घाला. ग्राइंडर कशाला? तुमचा चटणीचा मिक्सर आहे ना! पूड कशीही असो, आमचं यंत्र सांभाळून घेतं,” मिशीला पीळ देत ते म्हणाले. तेवढ्यात आतल्या खोलीत काहीतरी घरघरले आणि ताज्या दळलेल्या कॉफीचा दरवळ बाहेर आला.

शशिकलाबाईंनी पिशवीतून कॉफीच्या पुडीची डबी काढली. “ही मिक्सरमध्येच काढलेली आहे. करा, आणि आपणच चाखा.”

यंत्र गुरगुरले, जाड्याभरड्या पुडीतून पाणी सरळ निसटले आणि चार सेकंदांत कपात पिवळट पाणी उतरले. दुकानातली गिऱ्हाइके माना उंचावून पाहत होती. झुंजाररावांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि ते महत्प्रयासाने म्हणाले, “उत्कृष्ट!”

“मग डबी ठेवूनच घ्या. आज येणाऱ्या प्रत्येकाला हीच पाजा. सुरुवात या मंडळींपासून करू या.”

मंडळी दोन पावले मागे सरली. झुंजाररावांची मिशी खाली आली.

“आजी, ग्राइंडर कोणता दाखवू?”

“आत घरघरतो आहे, तसलाच,” शशिकलाबाई म्हणाल्या. “आपल्या स्वतःच्या कॉफीला आपण मिक्सर लावत नाही, तेव्हा आपल्याला पारख आहे, यात शंका नाही.”