भिवराईची पायरी

ही गोष्ट मला नीट आठवते, असं छातीठोकपणे सांगवत नाही. आत्याकडून ऐकली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मधल्या सत्तर वर्षांत तिच्यात माझ्याकडून काय मिसळलं असेल, कोण जाणे. तरी सांगतो.

पुष्कळ पिढ्यांमागे आमच्या वाघजाळी गावात भिवराई नावाची सुईण होती. तिने कान लावला की आडवं मूलही पोटातल्या पोटात कूस बदलायचं, असं म्हणतात.

गावात गोदाक्का नावाची विधवा होती. पन्नाशी उलटलेली, पाळी कधीच थांबलेली. तिचं पोट वाढू लागलं. गावाने दुसरं काही विचारलंच नाही, महिने मोजायला घेतले. अमावास्येला तिला शिवेबाहेर काढायचं, असं पंचांनी ठरवलं. गोदाक्का तापाने फणफणत होती, तरी तिच्या दारात कोणी पाण्याचा तांब्या ठेवीना.

भिवराई मात्र गेली. पोटाला कान लावून बराच वेळ बसली आणि तिथून थेट चावडीवर आली.

"आत कोणी नाही. पिशवीचं तोंड मिटलंय, पाणी साचून नासलंय. तिला हलवलीत तर वाटेतच मरंल."

"तू बाईचीच बाजू घेणार," पाटील म्हणाला.

"मग तुम्ही लावा कान."

शेवटी पाटलाची आई उठली. अकरा बाळंतपणं झालेली बाई. ती स्वतः जाऊन ऐकून आली.

"काही ठोकत नाही रे आत. बसा आता गप."

भिवराईने ओलाव्याने फुगणारी एक वाळकी काडी गोदाक्काच्या पिशवीच्या मिटलेल्या तोंडात ठेवली. काडी हळूहळू फुगली, तोंड उघडलं आणि दुसऱ्या दिवशी सात घागरी पाणी वाहिलं, असं म्हणतात. ते मुरलं तिथे झरा लागला, असंही म्हणतात. सात घागरी शक्य नाही, आत्या बहुधा वेगळंच काही म्हणाली असेल. काडी कशाची, तेही मी विसरलो. विसरलो तेच बरं. ऐकून कोणी घरी करून पाहील, ही धास्ती मला गोष्ट सांगताना दर वेळी वाटते.

ताप उतरला. अमावास्येला गोदाक्का ओढ्यावर धुणं धूत होती.

भिवराईच्या घराची आता एक दगडी पायरीच उरली आहे. पोट कशानेही वाढलेलं असो, तिथे बसलेल्या बाईला आजही कोणी महिना विचारत नाही. थोरली बाई आधी कान लावते, आणि दवाखान्याची गाडी त्या पायरीपासूनच सुटते.

आत्याने गोदाक्काची अब्रू राखायला हे सगळं रचलं असेल, असा संशय मला फार वर्षं होता. म्हातारपणी बायकोच्या तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंना भीतभीत विचारलं. त्या म्हणाल्या, होतं असं. पाळी गेल्यावर पिशवीचं तोंड आक्रसतं, कधी आत गाठ असते, आणि पाणी, रक्त किंवा पू साचतो. तोंड रुंदावून तो काढतात, औषधं देतात, गाठ नाही ना ते तपासतात. आणि ताप आलेल्या बाईला उपचारावाचून एक दिवसही ठेवत नाहीत.