रवळू तारी आणि टोपलीतलं बाळ

फार वर्षांपूर्वी, म्हणजे खाडीवर पूल यायच्या कितीतरी आधी, सुरंगबेटावर रवळू नावाचा एक तारी राहत होता. तारी म्हणजे माणसांना होडीतून पलीकडे नेणारा. बेटाच्या चारी बाजूंना खाडीचं पाणी. बाजाराला जायचं तर होडी, लग्नाला जायचं तर होडी, माहेरी जायचं तरी होडीच. त्यामुळे बेटावरचं प्रत्येक माणूस कधी ना कधी रवळूच्या होडीत बसलेलं होतं.

होडी लहान होती. आंब्याचं एकच खोड कोरून केलेली, लांबट आणि अरुंद. आत बसलेलं माणूस शिंकलं तरी ती हलायची. पण रवळूने वल्हं हातात घेतलं की ती सरळ जायची. पाण्याला त्याचा हात ओळखीचा होता, असं म्हणतात.

रवळू कमी बोलायचा. त्याचा एकच नियम होता आणि तो फार विचित्र होता. होडीत तान्हं बाळ असलं, तर बाळाकडे कोणी बघायचं नाही.

त्याला कारण होतं. एकदा एक बाळंतीण माहेराहून परत येत होती. बाळ मांडीवर होतं. होडी काठापासून सुटली आणि एकीने वाकून विचारलं, "नाक कुणाचं गो हे?" दुसरी म्हणाली, "बापाचं. दुसऱ्या कुणाचं असणार?" तिसरीला डोळे बघायचे होते. मग पुरुषही वाकले. सगळी मायेची माणसं, पण सगळी एकाच बाजूला झुकली. होडीची कड पाण्याखाली गेली आणि खाडी आत आली. त्या दिवशी बाळ वाचलं, ते रवळूने त्याचं दुपटं दातात धरलं म्हणून. एका हातात वल्हं होतं, दुसऱ्या हाताने त्याने होडी सावरली होती.

तेव्हापासून तो बाळाला मांडीवर घेऊ देत नसे. एका वेताच्या टोपलीत पेंढा घालायचा, त्यावर जुनं लुगडं अंथरायचं, त्यात बाळ ठेवायचं आणि टोपली होडीच्या तळाशी आपल्या दोन पायांमध्ये ठेवायची. होडीत सगळ्यात कमी हलणारी जागा ती. टोपलीला दोरी बांधायची नाही, बाळालाही बांधायचं नाही. होडी उलटलीच तर टोपली सुटून तरंगली पाहिजे. आणि बाकीच्यांनी काठाकडे बघत बसायचं.

गावात भागा नावाची एक बाई होती. अंगाने भरलेली, बोलायला मोकळी. तिला हा नियम मुळीच पटत नसे.

"रवळू, तू तारी आहेस की पोराची सासू?" ती विचारायची. "बघायलासुद्धा बंदी?"

"उतरल्यावर बघ गो. पोर काय मीठ आहे विरघळायला?"

सगळे हसायचे आणि काठाकडे बघत बसायचे.

अशी वर्षं गेली. मग भागाच्या घरी तिच्या सुनेला, सगुणेला मुलगा झाला. भर पावसाचे दिवस होते. बाळ झालं आणि सगुणेला ताप भरला. अंगावरचं दूध आटलं. शेळीचं दूध दिलं, ते बाळाने ओकून टाकलं. तांदळाची पेज बोटाने चाटवली, तीही राहीना. बाळाचं रडणं आधी मोठं होतं, मग बारीक झालं, मग मांजराच्या पिल्लासारखं झालं.

सगुणेची थोरली बहीण खाडीपलीकडे पैलवाडीत दिलेली होती. तिच्या अंगावर पिणारं मूल होतं. तिथे पोचलं तर बाळ जगणार होतं. इथे राहिलं तर नाही. सगळ्या घराला ते कळत होतं.

पण खाडीत होडी घालायची नाही असे ते दिवस होते. नारळी पौर्णिमेला पाण्याला नारळ द्यायचा आणि मगच होडी बाहेर काढायची, ही बेटाची रीत. तोवर होड्या माडाच्या विणलेल्या झापांखाली पालथ्या पडलेल्या असत. वरून नदीचा लोंढा येत होता, खालून समुद्राचं उधाण येत होतं आणि मधोमध दोन्ही पाणी एकमेकांवर आपटत होतं.

रवळूने होडीवरची झापं काढायला घेतली, तेव्हा गावातले म्हातारे छत्र्या धरून काठावर आले. त्यातला एक जण म्हणाला, "रवळू, अजून नारळ पडला नाही."

"नारळ पुनवेला," रवळू म्हणाला. "पोर आज."

त्यातल्याच दोघांनी छत्र्या मिटल्या आणि होडी सरळ करायला हात लावला.

सगुणेला उठवत नव्हतं, म्हणून बाळाबरोबर भागा निघाली. टोपली रवळूच्या पायांमध्ये ठेवली. टोपलीवर पानांचं इरलं आडवं टाकलं, पाऊस लागू नये म्हणून. बाळाचं तोंड तेवढं रवळूच्या बाजूने उघडं होतं. वल्हवणाऱ्याचं तोंड होडीच्या मागच्या बाजूला असतं. वारा मात्र समोरून होता आणि समोरून वारा असला की होडीचं नाक उचलतं. त्यामुळे पुढे नाळेत, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, कोणीतरी जड बसावं लागतं.

"भागा, तू पुढे."

"देवाने मला पोसली ती यासाठीच वाटतं," भागा म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

ती पुढे बसली. तिच्या मागे रवळूची पाठ आणि रवळूच्या पायांशी बाळ. नातवाला बघायचं तर तिला वळून एका बाजूला वाकावं लागलं असतं, आणि त्या पाण्यात तेवढं वाकणंही पुरेसं होतं. म्हणून जी बाई आयुष्यभर त्या नियमाला हसली, ती समोरच्या पावसात डोळे लावून ताठ बसली.

होडी निघाली. थोडं अंतर गेल्यावर तिने विचारलं, "रवळू, आहे का रे?"

"आहे गो."

लाट आली, गेली.

"आहे का रे?"

"आहे. मूठ चोखतोय."

असं कितीदा विचारलं आणि कितीदा सांगितलं, त्याची मोजदाद नाही. तेवढ्यावर ती होडी चालली होती, असं म्हणतात. वल्ह्यावर नव्हे.

मधोमध आल्यावर, जिथे नदी आणि समुद्र भेटतात तिथे, पाणी उभं राहायला लागलं. पाऊस इतका आला की रवळूच्या डोळ्यांत पाण्याशिवाय काही राहिलं नाही. बाळाचा आवाज बंद झाला होता. टोपली दिसत होती, टोपलीतलं दिसत नव्हतं.

"रवळू, आहे का रे?"

रवळू जन्मात एकदाच खोटं बोलला, तो तेव्हा. "आहे," तो म्हणाला.

ते खाडीने ऐकलं, असं म्हणतात. खाडी म्हणजे तरी कोण? बेटावरची सगळ्यात जुनी बाई. बेटावरचं प्रत्येक पोर तिने पाहिलेलं. हे एकच तिने अजून पाहिलं नव्हतं. ती उजव्या बाजूने उठली आणि होडीवर वाकली. जशा त्या दिवशी होडीतल्या बायका वाकल्या होत्या, अगदी तशीच. होडी कलली. कड पाण्याला टेकली.

रवळूने तेव्हा जे केलं, ते कुठल्याही ताऱ्याने करू नये. त्याने वल्हं सोडलं. वाकून टोपलीतलं बाळ दोन्ही हातांनी उचललं आणि खाडीला म्हणाला,

"बाय, तुला पोर बघायचंय ना? मग बघ. पण एका बाजूने वाकू नको. दोन्ही बाजूंनी ये."

त्याने बाळ उजवीकडच्या पाण्याला दाखवलं. मग डावीकडच्या पाण्याला दाखवलं. एक गार तुषार उडाला आणि बाळाच्या तोंडावर पडला. बाळ दचकलं. त्याने तोंड उघडलं आणि असं काही रडलं की काठावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनाही ते ऐकू गेलं, असं म्हणतात.

"आहे गो, भागा!" रवळू ओरडला. "आता खरंच आहे!"

"म्हणजे मघाशी?" भागा ओरडली. पण वळली नाही.

मग पाणी डाव्या बाजूनेही उठलं. उजवीकडे जेवढं, डावीकडे तेवढंच. होडीच्या दोन्ही अंगांना पाण्याच्या दोन भिंती झाल्या आणि मधली होडी सरळ, निवांत उभी राहिली. बायका पाळणा उचलताना दोघी दोन बाजूंनी धरतात, तशी ती होडी उचलली गेली. रवळूने वल्हं परत हातात घेतलंच नाही. बाळाला छातीशी धरून तो बसून राहिला आणि खाडीने त्यांना पैलवाडीच्या वाळूवर अलगद नेऊन ठेवलं.

सगुणेची बहीण गुडघाभर पाण्यात आली होती. तिने बाळ घेतलं आणि वाळूवर होडीच्या बाजूलाच एका माडाच्या बुंध्याला टेकून अंगावर पाजायला बसली. भागा अजून नाळेतच होती, समोर बघत.

"रवळू," ती हळूच म्हणाली, "आता बघू का?"

"आता बघ गो," रवळू म्हणाला. "पोटभर बघ."

म्हणतात की ती उठलीच नाही. तिथल्या तिथे वळली आणि बाळाचं पिणं संपेपर्यंत बघत राहिली.

ते बाळ मोठं झालं, त्याला नातवंडं-पतवंडं झाली. सगुणाही त्या तापातून उठली. रवळू म्हातारा होऊन आपल्या अंथरुणात शांत गेला. त्याची होडी खाडीच्या काठी कुजून गेली आणि त्या जागी कांदळवन वाढलं. आता पूल झाला आहे आणि बेटावर रिक्षा येतात.

पण बेटावर मूल जन्मलं की पहिल्यांदा खाडी ओलांडताना त्याला पुलावरून नेत नाहीत. होडीतूनच नेतात, तेही खाडी निवलेली बघून. मधोमध आल्यावर होडीवाला यंत्र बंद करतो. तो बाळाला उचलून आधी उजवीकडच्या पाण्याला दाखवतो, मग डावीकडच्या. आजी पुढे नाळेत बसलेली असते, बाळाकडे पाठ करून. ती विचारते, "रवळू, आहे का रे?" तारी कुठल्याही नावाचा असो, त्या वेळी त्याला रवळूच म्हणतात.

मग होडीतली सगळी माणसं एका आवाजात सांगतात, "आहे गो!" पुलावरून कोणी चालत असलं तर तेही थांबतं, कठड्याशी येतं आणि वरून ओरडून सांगतं, "आहे!"