सुईण आणि राजाची दवंडी

फार जुन्या काळी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक सुईण होती. हजार बाळंतपणं केली, तरी बाळाचा पहिला टाहो ऐकला की तिच्या अंगावर काटा यायचाच.

एकदा लढाई पेटली. राजाला सैनिक हवे होते. दवंडी पिटली, "जिला चार मुलं, तिलाच हळदीकुंकवाचा मान!" मूल नसलेल्या बायकांना गावातल्या म्हाताऱ्या उंबऱ्यावरूनच परत पाठवू लागल्या.

पुढे दुष्काळ पडला. लगेच दुसरी दवंडी, "तिसरं मूल झालं, तर घर गावाबाहेर! तिथे सुईण गेली, तर तीही!" त्याच म्हाताऱ्या आता पोटुशीला बघून नाकं मुरडू लागल्या.

एका सकाळी कुंभाराची सून अडली. तिसरी खेप, त्यात बाळ पायाळू.

सासू दारात आडवी आली. "नको गं बाई, घर जाईल आमचं."

"आणि सून गेली तर?" म्हणत सुईण आत शिरलीसुद्धा.

बातमी फुटली. राजा प्रधानाला घेऊन स्वतःच आला.

"सुईणबाई, हुकूम ठाऊक नाही?" प्रधान गरजला.

"ओरडू नका, आत बाई अडलीय," सुईण आतूनच म्हणाली. "रिकामे उभे आहात, तर कढत पाणी आणा. महाराज, तुम्हीसुद्धा!"

राजानं जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याचा हुकूम पाळला. हंडा घेऊन तो दाराशी आला. आतून कण्हणं ऐकू येत होतं. मग सगळं एकदम शांत झालं. सुईणीनं श्वास रोखला.

टाहो फुटला!

सुईणीनं बाळ राजाच्या ओंजळीत ठेवलं. चिमणीएवढी छाती, पण काय धडधडत होती! ते सैनिक नव्हतं, की खाणारं तोंड नव्हतं. ते नुसतं आलं होतं, कुठून कोण जाणे.

"महाराज, शिक्षा?" प्रधान पुटपुटला.

"पहिली दोन मुलं तुमच्या पहिल्या दवंडीपायी, महाराज," बाळंतीण क्षीण आवाजात म्हणाली. "हे मात्र मला हवं होतं."

राजाची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली, "ज्या घरी बाळ येईल, तिथे दाणे आणि सुईण पोहोचेल. ज्या घरी येणार नाही, तिथे कुणी कारण विचारणार नाही!"

तात्पर्य: आई व्हायचं की नाही, हे जिचं तिला ठरवू द्यावं. बाकीच्यांनी मदतीला धावावं. ते जमत नसेल, तर गप्प बसावं.