गवा आणि बगळा

एका जंगलात, डोंगराच्या पायथ्याशी, गव्यांचा एक कळप राहत असे. कळपाचा नायक इतका धिप्पाड होता, की त्याला पाहून वाघही वाट सोडी. त्याच्या पाठीवर एक बगळा येऊन बसू लागला. कळप चालला की गवतातले किडे उडत आणि बगळ्याला आयते खाणे मिळे. "महाराज, तुमच्यासारखे बळ कोणाचेच नाही," असे म्हणत तो नायकाच्या कानाशी लागे आणि जिकडे किडे जास्त तिकडे कळप वळवायला लावी. पुढेपुढे तर त्याला विचारल्याशिवाय नायक पाणीही पिईना.

एका कडक उन्हाळ्यात तळे आटले. बगळा म्हणाला, "तळ्याच्या मधोमध हिरवे गवत आहे. सगळ्यांना तिकडे न्या."

एका म्हाताऱ्या गवीने काठावर पाय टाकून पाहिला. तो गुडघ्यापर्यंत आत गेला. ती म्हणाली, "बाबा, वरून वाळलेले दिसते, पण खाली चिखल आहे. वासरांना नेऊ नकोस. आपण नदीकडे जाऊ."

तिचा चिखलाने भरलेला पाय नायकाने पाहिला. त्याला ते पटलेही. पण बगळा कुजबुजला, "आज हिचे ऐकलेत, तर उद्या तुम्हाला कोण विचारणार?"

"माझे ऐकायचे नसेल त्याने कळप सोडावा," नायक गरजला. म्हातारीचे नातवंड कळपात होते, म्हणून तीही मुकाट्याने मागोमाग चालू लागली.

तळ्याच्या मध्यावर वरची खपली फुटली. मोठे गवे पोटापर्यंत रुतले, वासरे मानेपर्यंत. जितकी धडपड करावी तितके ते खाली जात. म्हातारीने नातवंडाचे तोंड आपल्या नाकाने वर उचलून धरले, अंगात त्राण होते तोवर धरले. दिवस मावळेपर्यंत एकेक हंबरणे थांबले. आपल्या बळावर काठाला पोहोचला तो एकटा नायक.

तो काठावर उभा राहिला. "आता मी काय करू?" त्याने विचारले. पाठीवर कोणीच नव्हते. चिखलातून उठलेले किडे पोटभर खाऊन बगळा नदीकडच्या दुसऱ्या कळपाच्या दिशेने उडाला होता.

तात्पर्य : सल्ला कोणाचाही ऐकावा, पण निर्णय स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावा. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्यावर जे विसंबतात, त्यांचाही घात होतो.